आजोबा थकलेत, म्हणजे नेमकं काय झालं?

घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या गावचे दोन शेतकरी डोळ्यांसमोर आणा. दोघांच्याही आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, दोघंही कागदोपत्री ७६ वर्षांचे. चढ चढताना दोघांची छाती भरून यायची. एकाच महिन्यात दोघांना छत्रपती संभाजीनगरला नेलं. दोघांच्या धमनीत जवळजवळ सारखाच अडथळा निघाला आणि दोघांनाही सारखाच स्टेंट बसवला. महिनाभरानं पहिले आजोबा मोसंबीच्या बागेत पाणी कुठवर आलं ते बघत उभे होते. दुसरे मात्र दवाखान्यातून आले ते बाजेवरच राहिले. आधी संडासला धरून न्यावं लागायचं, मग जेवण तुटलं, मग रात्री-अपरात्री बरळायला लागले आणि दीड महिन्याच्या आत पुन्हा भरती झाले.

ही दोन माणसं मी समजावण्यासाठी उभी केली आहेत. पण अशी जोडी आठवणार नाही असं गाव जालना जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. घरचे लोक फाइल उलगडून विचारतात, "रिपोर्ट तर दोघांचे सारखेच होते, मग असं का?" आणि पारावर बसलेलं कुणीतरी सहज सांगून जातं, "ते आधीच थकले होते ना."

पारावरचं हे उत्तर बरोबर आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत हृदयरोगाचं शास्त्रही त्याच उत्तरापाशी आलं आहे. डॉक्टर त्याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात, पुस्तकी मराठीत जरादौर्बल्य म्हणता येईल. मी आपला घरचाच शब्द वापरणार आहे: थकलेपण. कारण "आजोबा आता फार थकलेत" असं आपण म्हणतो, तेव्हा ते दमले आहेत, थोडं टेकले की बरं वाटेल, असा त्याचा अर्थ नसतोच.

दोन विहिरी, एकच पातळी

शेजारशेजारच्या दोन विहिरी आहेत. सकाळी डोकावून पाहिलं तर दोन्हींत दोन परस पाणी. मोटार सुरू केली आणि दोन तासांत दोन्ही विहिरी तळाला गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे एकीत पाणी पुन्हा जिथल्या तिथं आलेलं, दुसरीत जेमतेम गुडघाभर. पाणी सारखं होतं, पाझर सारखा नव्हता. आणि पाझर कसा आहे हे उपसा केल्याशिवाय कळत नाही.

माणसाच्या शरीराचंही असंच असतं. निसर्गानं प्रत्येक अवयवाला रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता दिलेली असते. निरोगी तरुण हृदय बसल्या जागी मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, पण वेळ आली तर वीस लिटरपर्यंत जाऊ शकतं. एका मूत्रपिंडावर माणूस आयुष्य काढू शकतो. मांडीचे आणि दंडाचे स्नायू नुसते वजन उचलायला नसतात. आजारपणात जेवण तुटलं की शरीर त्यांच्यातलीच प्रथिनं काढून जखम भरायला आणि जंतूंशी लढायला वापरतं. स्नायू म्हणजे शरीराची भरलेली कणगीच.

वय वाढतं तसे हे झरे बारीक होतात. एखादा आटला तर इतर सांभाळून घेतात. पण स्नायू, मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू आणि प्रतिकारशक्ती अशा पाच-सहा ठिकाणचे झरे एकदम बारीक झाले की माणूस वरवर ठीक दिसतो आणि लहानशा धक्क्यानंही कोसळतो. धक्का न्यूमोनियाचा असेल, पडण्याचा असेल किंवा स्टेंट बसवण्यासाठीच्या चार दिवसांच्या मुक्कामाचाही असेल. थकलेपणाची खरी व्याख्या हीच: उपशानंतर पुन्हा भरून येण्याची ताकद कमी होणं.

अँजिओग्राफी पाइपलाइन कुठं तुंबली ते अचूक दाखवते. पाझराबद्दल ती काही सांगत नाही.

थकलेपण म्हणजे म्हातारपण नव्हे, हे इथंच सांगायला हवं. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणारे पंचाहत्तरीचे आजोबा आपण पाहिलेले असतात, आणि पासष्टीत ओसरीवरून अंगणात उतरायला भिंत धरणारेही. थकलेपण म्हणजे कृशपणाही नव्हे. अंगानं भरलेल्या, मधुमेह असलेल्या बाईचे स्नायू चरबीखाली झिजून गेलेले असू शकतात. आणि आपल्याकडे तर वय या आकड्यावरच फार विसंबता येत नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी वृद्धांची जन्मतारीख शाळेच्या किंवा आधारच्या अंदाजानं लिहिलेली १ जानेवारी असते. शस्त्रक्रियेचा धोका मोजणाऱ्या तक्त्यांमध्ये वयाला मोठं वजन असतं. जिथं वयच अंदाजाचं, तिथं माणूस चालतो कसा आणि उठतो कसा हे बघणं जास्त खात्रीचं, असं मला वाटतं.

पाच मीटर ओसरी आणि एक घड्याळ

थकलेपण डोळ्यांना दिसतं, मग मोजायचं कशाला? कारण "बरे दिसतात" किंवा "फार गेलेत" हा अंदाज प्रत्येक डोळ्याचा वेगळा असतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टीपुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासातून पाच खुणा ठरवल्या. वर्षभरात मुद्दाम न करता साडेचार किलोच्या वर वजन उतरणं, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड कमजोर होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त खुणा असतील तर माणूस थकलेला, एक-दोन असतील तर त्या वाटेवर.

आपल्याकडे वजनाची अडचण अशी की गेल्या वर्षीचं वजन कुणाला माहीतच नसतं. पण घरात दुसऱ्या खुणा असतात. आजीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, पोलक्याच्या बाह्या लोंबतात, आजोबांच्या अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो. हृदय कमजोर असेल तर एक फसवणूकही होते. पायांवर आणि पोटात पाणी साचतं, काट्यावर वजन तेवढंच दिसतं आणि त्या पाण्याआड स्नायू विरघळत असतात. म्हणून पायांवर सूज असलेल्या माणसाचे दंड आणि गालफडं बघावीत.

सगळ्यांत सोपी आणि बोलकी खूण म्हणजे चाल. कॅनडा आणि अमेरिकेतल्या चार रुग्णालयांत सत्तरीपुढच्या १३१ जणांना हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी पाच मीटर चालायला सांगितलं गेलं. २०१० मध्ये त्याचा निकाल आला. ज्यांना सहा सेकंद किंवा जास्त लागले, त्यांच्यात मृत्यूचा किंवा गंभीर गुंतागुंतीचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. सहा सेकंदांत पाच मीटर! ना सुई, ना रक्त, ना यंत्र. पण त्या पाच मीटरांत हृदय, फुप्फुसं, सांधे, स्नायू, डोळे, तोल सांभाळणारा मेंदू आणि मनाची उमेद, सगळ्यांची एकदम परीक्षा होते.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीवर बांधायचे आणि पाच वेळा उठायचं-बसायचं. २०१७ मध्ये महाधमनीच्या झडपेच्या हजारभर वृद्ध रुग्णांवर झालेल्या अभ्यासात चार साध्या गोष्टींनी पुढचा धोका चांगला ओळखला: खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारा वेळ, स्मरण आणि आकलन, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. यातलं काहीही तालुक्याच्या ठिकाणी अशक्य नाही.

आपल्याकडे अशी मोजमापं झालीच नाहीत असं नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. घरोघर जाऊन पकड आणि चालही मोजली. खेड्यातल्या ओसरीवर हे मोजता येतं, हे त्यातून दिसलंच. हृदयरोगाच्या ओपीडीत ते रोजचं व्हावं, एवढंच बाकी आहे.

हृदय आणि पाय एकमेकांना ओढतात

हृदय कमजोर झालं की दम लागतो. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्यानं मांड्या झिजतात. झिजलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून दम आणखी लागतो. दुसरीकडे आतड्यांवर आणि यकृतावर सूज आल्यानं पोट सतत भरल्यासारखं वाटतं, अन्नावरची वासना जाते. शरीरात मंद आचेवर चाललेली एक दाहाची प्रक्रिया असते. ती हृदयाच्या धमन्याही खराब करते आणि स्नायूही खाते. म्हणजे हृदयरोग थकवतो आणि थकलेपण हृदयरोग वाढवतं. कोण आधी आलं हे शोधण्यात अर्थ नाही, ही रहाटाची माळ आहे.

यात दवाखान्यातला मुक्काम भर घालतो. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या बारा निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. आजार नाही, शस्त्रक्रिया नाही. तेवढ्यानं त्यांच्या पायांचे जवळपास किलोभर स्नायू गेले. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला आजारपणात हलू न देणं ही सेवा समजली जाते. "उठू नका बाबा, इथंच देतो सगळं." मायेपोटी म्हटलेलं हे वाक्य पायातलं अवसान घालवतं.

गोळी तीच, अंग वेगळं

औषधाचे डोस ज्या अभ्यासांतून ठरतात, त्यांत थकलेली माणसं फार कमी घेतलेली असतात. म्हणून इथं जास्त सावध राहावं लागतं.

क्रिएटिनिनचंच बघा. तो स्नायूंचा कचरा आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. रक्तात तो साचला की मूत्रपिंड दमलं असं समजतात. पण स्नायूच उरले नसतील तर? अंगणात झाडच नसेल तर पाचोळा पडणार कुठून, आणि अंगण स्वच्छ दिसलं म्हणून झाडणारी चपळ आहे असं कसं म्हणायचं? १९७६ पासून वापरात असलेल्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात आकडे घालून पाहा. क्रिएटिनिन १.० असलेल्या ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषाचं मूत्रपिंड मिनिटाला सुमारे ९७ मिलिलिटर रक्त गाळतं. तेच १.० असलेल्या ८० वर्षांच्या, ३८ किलोच्या आजीचं २७. रिपोर्टवर दोघांपुढेही ‘नॉर्मल’ असतं. डिगॉक्सिन किंवा रक्त पातळ करणारी काही औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. नुसता नॉर्मल शब्द वाचून दिली तर ती आजीच्या अंगात साठत राहतील.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. दवाखान्यात बसवून मोजलेला दाब छान असतो. घरी पहाटे लघवीला उठल्यावर तो एकदम उतरतो, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि माणूस पडतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्तीनं उतरला तर ती धोक्याची खूण. वैशाखात, घामानं अंग निथळत असताना, लघवीची गोळी थंडीतल्याच मात्रेत चालू असेल तर हे हमखास होतं. अशा वेळी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. उभ्यानं दाब मोजायला सांगायचं आणि मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी तर एक वेगळाच धडा दिला. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांना पक्षाघात टाळण्यासाठी ही औषधं देतात. नवी औषधं सोयीची, वारंवार रक्त तपासायला नको. नेदरलँड्समध्ये जुन्या औषधावर नीट बसलेल्या, पंचाहत्तरीपुढच्या थकलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना नव्यावर आणलं. २०२३ मध्ये निकाल आला. वर्षभरात लक्षणीय रक्तस्राव झालेले बदललेल्यांत १०० मध्ये १५, न बदललेल्यांत ९. नवी औषधं वाईट आहेत असा याचा अर्थ नाही, नव्यानं सुरुवात करताना ती उपयोगी पडतात. पण थकलेल्या अंगात बसलेली घडी निव्वळ सोयीसाठी मोडू नये.

"आता कशाला?" आणि "सगळं करा"

कुटुंबात या दोन वाक्यांतलं एक हमखास ऐकू येतं. पहिलं म्हणणाऱ्याला त्रास वाचवायचा असतो, दुसऱ्याला कुठं कमी पडलो असं नको असतं. दोघांचं प्रेम खरं असतं आणि दोघंही पाझर न बघता बोलत असतात.

"आता कशाला" हे किती चुकू शकतं ते आधी बघू. धमनी पूर्ण बंद होऊन आलेल्या मोठ्या झटक्यात मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरतो. तिथं ओसरीवर चालवून बघत बसायचं नसतं. लगेच ईसीजी आणि जिथं धमनी उघडता येईल तिथं तातडीनं जाणं, हाच मार्ग. वृद्धांत झटका छातीत न दुखताही येतो. एकदम दम लागणं, घाम सुटणं, भ्रम होणं, जेवण बंद होणं, कारण नसताना पडणं, यांतलं काहीही असू शकतं. "वयामुळं" म्हणून ते सोडून देऊ नये.

औषधांचंही तसंच. मुळात मधुमेहासाठी आलेली डापाग्लिफ्लोझिन ही गोळी आता हृदयाच्या कमजोरीत वापरतात. २०२२ मध्ये तिच्या मोठ्या अभ्यासांतल्या रुग्णांची थकलेपणानुसार विभागणी करून पाहिली. सर्वांत थकलेल्यांनाही फायदा झालाच, आणि रोजचं जगणं सुसह्य होण्यात तर त्यांचा फायदा जास्त निघाला. ज्यांना गोळी सोसणार नाही असं वाटत होतं, त्यांनाच तिची जास्त गरज होती.

आता "सगळं करा". झटका आला पण धमनी पूर्ण बंद नाही, असा दुसरा प्रकार वृद्धांत फार आढळतो. ब्रिटनमधल्या ४८ रुग्णालयांत अशा पंचाहत्तरीपुढच्या १५१८ रुग्णांचे दोन गट केले. त्यांचं सरासरी वय ८२ होतं आणि तिघांमागे जवळपास एक थकलेला. एका गटाला उत्तम औषधं, दुसऱ्याला औषधांबरोबर अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार चार वर्षांच्या आसपास हृदयामुळं मृत्यू किंवा नवा झटका यांचं प्रमाण पहिल्या गटात २६.३ टक्के आणि दुसऱ्यात २५.६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच. नवे झटके मात्र दुसऱ्या गटात थोडे कमी, ११.७ विरुद्ध १५ टक्के. म्हणजे दार बंद नाही, पण सताड उघडंही नाही. अशा रुग्णात "स्टेंट टाकला नाही म्हणून बाबा गेले" ही बोच मुलांनी आयुष्यभर वागवायचं कारण नाही.

आणि आपले दोन आजोबा? त्यांना चढावरच दुखायचं, बसलं की थांबायचं. अशा स्थिर दुखण्यात फारशी घाई नसते. पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या, २०२० मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासात औषधांनी सुरुवात करणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले नाहीत. दुसऱ्या आजोबांना आधी पाच मीटर चालवून पाहिलं असतं, तर महिना-दीड महिना तयारीला मिळाला असता. कदाचित नुसत्या औषधांवरच भागलं असतं.

झडपेच्या आजारात हा पेच सर्वांत अवघड असतो. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी महाधमनी झडप बसवण्याची पद्धत फ्रान्सच्या अलेन क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा वापरली. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी तिनं मोठं काम केलं. २०१० च्या अभ्यासात वर्षभरात झडप न बदललेले १०० पैकी ५१ गेले, बदललेले ३१. वीस माणसं वाचली. पण त्या ३१ जणांकडेही बघावं लागतं. त्यांतल्या काहींची झडप उत्तम चालत होती, पाझर संपला होता.

पैशाची अडचण पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ही मोठीच गोष्ट आहे. म्हणूनच "परवडेल का" याच्या पुढचा प्रश्न, "झेपेल का", आता विचारायलाच हवा.

> चौकट: ओसरीवर बघण्यासारखं
>
> चुन्यानं पाच मीटरच्या दोन खुणा करा, अलीकडे-पलीकडे थोडी जागा सोडा. नेहमीच्या चालीनं चालायला सांगा, काठी लागत असेल तर काठीसह. सहा सेकंद किंवा जास्त लागले तर चाल मंद.
>
> न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात बांधून पाच वेळा उठ-बस. पंधरा सेकंदांच्या वर गेलं किंवा जमलंच नाही तर मांड्या कमजोर. शेजारी एकानं उभं राहावं.
>
> सहा महिन्यांत काय सुटलं ते आठवा: देवळात जाणं, कपडे पिळणं, कळशी उचलणं, स्वतः अंघोळ करणं.
>
> हे आकडे आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर या चाचण्या करू नका, आधी दवाखाना गाठा.

पाझर थोडा वाढतो

विहिरीला आडवे बोअर मारतात तसं इथंही काही करता येतं. हृदय कमजोर होऊन भरती झालेल्या ३४९ वृद्धांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जवळजवळ सगळेच थकलेले किंवा त्या वाटेवरचे. नुसतं चालवण्याऐवजी आधी तोल, मग उभं राहणं, मग मांड्यांची ताकद आणि शेवटी दम, अशा क्रमानं तीन महिने तयारी करून घेतली. पुन्हा भरती होण्याचं प्रमाण फारसं बदललं नाही, पण चालणं, उठणं, तोल आणि रोजचं जगणं स्पष्ट सुधारलं. थकलेल्या माणसाला मैलभर चालायला पाठवण्याआधी खुर्चीतून उठायला शिकवावं लागतं.

जोडीला ताट बघायचं. वृद्धांना किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आपल्या आजींचं खरं जेवण बघा: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दात नाहीत म्हणून अर्धी भाकरी चहात कुस्करून, आठवड्यात दोन उपवास आणि उपवासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. भाकरी चहाऐवजी दुधात किंवा घट्ट वरणात कुस्करली, एक अंडं किंवा वाटीभर दही जोडलं, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट भाजीत गेलं, तरी फरक पडतो. पापड-लोणच्याचं मीठ मात्र कमजोर हृदयाला चालत नाही.

कुणाला विचारायचं

डॉक्टरांच्या खोलीत बहुतेक वेळा दोन मुलगे आणि जावई बसलेले असतात. म्हातारा माणूस बाहेरच्या बाकावर. "बाबांना काही सांगू नका, घाबरतील." पण स्टेंट, झडप की औषधं, हे ठरवताना लागणारी सगळ्यांत मोठी माहिती त्या बाकावर असते. त्यांना आत बोलवावं आणि विचारावं, "बाबा, बरं झाल्यावर तुम्हाला काय करता आलं पाहिजे?"

कुणी म्हणेल, नातीच्या लग्नापर्यंत काढायचंय. कुणी म्हणेल, दम कमी झाला की पुष्कळ. आणि बरेच जण म्हणतात, "संडासला आपल्या पायानं गेलो पाहिजे, बस." हे उत्तर मिळालं की उपचाराचा आराखडा त्याच्याभोवती मांडता येतो. मग प्रवेशाच्या दिवसापासूनच त्यांना उठवून बसवायचं ठरतं, मूत्रनळी शक्य तितक्या लवकर काढायला सांगता येतं, चष्मा आणि कवळी सोबत नेली जाते. आणि इकडे घरी, ते परत येण्याआधी, बाज संडासाच्या वाटेजवळ सरकवून भिंतीला धरायला एक दांडा ठोकला जातो.